बाबांनी घातलेला बेंड

४ फेब्रुवारी

आत्या,

माझा नमस्कार आहेच, पण बाबांचं म्हणणं असं की आधी 'मेट्रनबाईंना सलाम' लिही. लिहिला.

काल त्यांना हॉस्पिटलमधून घरी आणलं. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि असली गोष्ट तुझ्या शेजारणीमार्फत ओरडून सांगायला मला लाज वाटली, म्हणून पत्र. प्रोस्टेटची गाठ वाढून लघवी साफ अडली होती. सोळा तास त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पोट दगडासारखं लागायला लागलं तेव्हा म्हणाले, "मुंगे, मेन लाइन चोक झालीय." आता कॅथेटर घातलाय. मागच्या महिन्यातलं छातीचं दुखणं अजून ताजं आहे, त्यामुळे ऑपरेशन लगेच करता येत नाही. वीस मार्चची तारीख दिलीय. तोवर नळी आणि पिशवी.

पहिल्या दिवशी विनोद केले. "चाळीस वर्षं लोकांच्या घरी नळ जोडले, आता मलाच जोडलंत होय!" नर्स हसून बेजार. पण घरी आल्यापासून तोंड भिंतीकडे. पत्ते खेळायला येणारं त्यांचं त्रिकूट दारात आलं, तर म्हणाले, "झोपलोय म्हणून सांग." मी सांगितलं. ते टक्क जागे होते. खोलीला वास येतो असं त्यांच्या डोक्यात बसलंय. थोडासा येतोही.

मी चष्म्याच्या दुकानात निम्मा दिवसच जाते आता. तेवढा वेळ समोरच्या काकू बसतात. हॉस्पिटलमधल्या नर्सनं पंधरा मिनिटांत सगळं दाखवलं, मी मान डोलवली आणि घरी येईपर्यंत निम्मं विसरले. तू नीट लिहून पाठव. ओरडलीस तरी चालेल.

तुझी मुंगी


९ फेब्रुवारी

मुंगे,

सलाम पोचला. त्याला म्हणावं, सलाम सरळ उभं राहून करायचा असतो.

आता लक्ष देऊन वाच आणि हे पान त्याच्या खाटेशेजारी चिकटव. नळीला हात लावण्याआधी साबणानं हात, लावून झाल्यावर पुन्हा साबणानं हात. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकवायची नाही. चालताना तो लाजून ती काखेत धरेल, तर काखेतून काढ. पिशवी काठोकाठ भरायची वाट बघायची नाही. रिकामी करताना खालचं तोंड कशालाही लागू द्यायचं नाही. नळी आत शिरते तिथे रोज साधा साबण आणि पाणी, बाकी तुझी डेटॉलबिटॉलची हौस नको. नळी पिशवीपासून मधेच सोडवायची नाही. पाणी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं पुरतं पाज.

हे सगळं कशासाठी, तेही सांगते. लघवीच्या जागी एरवी बाहेरचे जंतू सहजी पोचत नाहीत. ही नळी म्हणजे आपण त्यांच्यासाठी स्वतःहून बांधलेला जिना. चढायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. चौतीस वर्षं मी हा जिना राखला. वॉर्डात मला मागून काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे, पण माझ्या वॉर्डात इन्फेक्शन सगळ्यांत कमी असायचं.

दादाला म्हणावं, भिंतीला काय बघतोस, भिंतीला तुझ्याइतकी दाढी नाही. वीस मार्च काही लांब नाही.

आत्या


१६ फेब्रुवारी

आत्या,

पान चिकटवलंय. बाबा त्याला 'फर्मान' म्हणतात.

पण आज लिहितेय ते वेगळ्याच आनंदात. बाबा उठले! त्याचं असं झालं. परवा सकाळी त्यांनी मला अवजारांची पेटी खाटेवर आणायला लावली. पाइपचा एक जुना क्लॅम्प काढला, खाटेच्या लोखंडी पट्टीला आवळला, आणि पिशवीकडे जाणारी नळी त्यातून अशी काही घेतली की ती आधी खाली येते, मग थोडी वर चढते आणि मग पिशवीत उतरते. वळणात चार बोटं लघवी कायम उभी राहते. मला म्हणाले, "सिंकखाली काय असतं? बेंड. त्यात पाणी साचून राहतं म्हणून गटाराचा वास घरात येत नाही. या हॉस्पिटलवाल्यांना एवढी साधी गोष्ट कळू नये?"

खरं सांगू, वास गेला. की गेला असं आम्हाला वाटलं, देव जाणे. पण त्या दिवशी त्यांनी दाढी केली. स्वतःच्या हातानं. पडदा सरकवायला लावला. काल त्रिकूट आलं तेव्हा आत बोलावलं, आणि पत्ते राहिले बाजूला, अर्धा तास त्या तिघांना बेंड समजावत होते. ते स्टेशनरीवाले काका तर खाली वाकून चष्मा लावून बघत होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. बाबांना घरी आणल्यापासून पहिल्यांदा या घरात कुणी मोठ्यानं हसलं.

सोबत बाबांनी काढलेली आकृती आहे. मोजमापासकट.

तुझी मुंगी


२० फेब्रुवारी

मुंगे,

हे वाचशील त्या क्षणी उठ आणि तो बेंड काढ. पत्र नंतर पुरं कर.

काढलास? आता ऐक. सिंकमध्ये साचलेल्या पाण्यानं कुणाचं बिघडत नाही. नळीत साचलेली लघवी म्हणजे जंतूंचा गोठा. तिथे वाढतात आणि तिथूनच वर सरकतात. शिवाय त्या उभ्या पाण्याचा दाब मागे बसतो, पोटातली पिशवी नीट रिकामी होत नाही, त्यात आणखी साचतं. नळी सरळ खाली आली पाहिजे, वळसा नको, झोळ नको. तुझ्या बापाची आकृती फार सुबक आहे. बघून मला घाम फुटला.

त्याला वाईट वाटेल, मला माहीत आहे. वाटू दे. मी सांगितलंय म्हणून सांग. माझ्यावर रागावण्याची त्याला लहानपणापासून सवय आहे. वास येत असेल तर पिशवी वेळेवर रिकामी कर, चादरी बदल, खिडकी उघड.

उलट टपाली कळव की काढला.

आत्या


२५ फेब्रुवारी

आत्या,

काढला. थोडे कुरकुरले, मग ऐकलं. "मेट्रनपुढे कुणाचं चाललंय," म्हणाले. क्लॅम्प पेटीत गेला. नळी आता अगदी सरळ आहे. तू काळजी करू नकोस.

बाकी ठीक. आज दुकानात गर्दी आहे, म्हणून एवढंच.

मुंगी


२ मार्च

मुंगे,

काढलास ते बरं झालं. तू म्हणतेस म्हणजे काढलासच. दादानं इतक्या सहज ऐकलं याचं नवल वाटलं, पण वय सगळ्यांनाच मऊ करतं.

तरीही एक सांगते. नळी सरळ असली तरी दिवसातून चार-पाच वेळा ती हलक्या हातानं उचलून, आत काही राहिलं असेल ते पिशवीत उतरवत जा. पोटाच्या बाजूनं सुरुवात करायची आणि पिशवीकडे न्यायचं, उलटं नाही. हे चुकवू नकोस. का, ते विचारू नकोस. म्हातारीचा हट्ट समज.

मी अठरा तारखेला येतेय. तिकीट काढलं. ऑपरेशनच्या वेळी मी तिथे असणार, आणि सर्जन पोरगेलासा असला तर त्याचीही शिकवणी घेणार.

आत्या


७ मार्च

आत्या,

तू येतेस हे ऐकून मला किती सुटल्यासारखं वाटलं, काय सांगू. मी दिवस मोजतेय.

बाबा तसे बरे आहेत. जेवण कमी झालंय आणि दिवसा फार झोपतात. कंटाळले असतील. परवापासून जरा जुन्यात रमलेत. सकाळी मला म्हणाले, "आई कुठे गेली तुझी? साबण आणायला गेली ती गेलीच." आई जाऊन सहा वर्षं झाली, आत्या. मी म्हटलं, "येईल." काल तर पेटी मागितली, शाळेची टाकी वाहतेय, हेडमास्तर वाट बघत असतील म्हणाले. खाटेवरून उतरायलाच निघाले होते. काकूंनी आणि मी धरून बसवलं, तर काकूंना विचारतात, "तुमच्याकडचा गीझर चालतो ना आता?" आम्ही दोघी हसलो. मग मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

ताप नाही. दोनदा थर्मामीटर लावून बघितला. नळी तू सांगितलीस तशी उचलते.

तुझी मुंगी


११ मार्च

मुंगे,

तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. शाळेची टाकी! तुला ठाऊक नसेल, ते त्याचं पहिलं स्वतंत्र काम. एकवीस वर्षांचा होता. टाकीत उतरून दोन दिवस घासत होता, आणि घरी आला तेव्हा आईनं त्याला दारातच अंघोळ घातली. हेडमास्तरांनी सगळ्या वर्गांसमोर त्याचं कौतुक केलं होतं. त्यानंतर त्याला कुणी तसं उभं केलं नाही कधी.

वहिनीची आठवण येणारच. मोठं ऑपरेशन पुढ्यात असलं की माणूस मागे वळतो, मी शेकड्यांनी पाहिलेत. त्याला दुरुस्त करत बसू नकोस. आई येईल म्हणालीस, छान केलंस. बोलू दे. मी आले की आम्ही दोघं मिळून जुनं काढू आणि तुला वैताग आणू.

आत्या


१२ मार्च

मुंगे,

कालचं पत्र फाडून टाक. दादाला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये ने. लघवी तपासायला सांग, रक्तही. नळी बदलायला सांग.

आज कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. बाकावर एक म्हातारा माझ्या शेजारी. मुलालाही कमी ऐकू येतं, म्हणून त्याच्या कानाशी सारखा ओरडत होता की माझी गाडी चुकेल, डबा भर. तिथली नर्स, असेल बावीस वर्षांची, तिनं त्याच्या विजारीखालची नळी पाहिली आणि मुलाला एका कागदावर लिहून दिलं, मोठ्या अक्षरांत. मला वाचता आलं. 'बडबड कधीपासून? आधी लघवी तपासा.' म्हाताऱ्या माणसाला पुष्कळदा ताप येतच नाही, मुंगे. आधी डोकं भरकटतं. हे मी त्या पोरीच्या जन्माआधीपासून शिकवत आले. तुला लिहिलेल्या फर्मानात हे एक वाक्य नाही. आणि तू स्वतःहून मला सगळं कळवलंस, तर मी टाकीच्या गोष्टी सांगत बसले.

शेजारच्या बाईंना तुमच्या घरी फोन लावायला लावला. तीनदा वाजला, कुणी उचलला नाही. पत्र पेटीत टाकते आणि संध्याकाळच्या गाडीनं निघते.

आत्या


३ एप्रिल

आत्या,

तू परत गेल्याला आठ दिवस झाले. तू इथे होतीस तेव्हा हे तोंडून निघालं नाही. तुझ्यासमोर पाटीवर लिहूनही दाखवता आलं नाही. आता कागदावर बघते.

बारा तारखेला सकाळी बाबांना थंडी भरली. दात वाजत होते, ओठ निळे. फोन वाजत होता असं काकू नंतर म्हणाल्या, आम्ही तेव्हा जिन्यात होतो, बाबांना खुर्चीत बसवून खाली उतरवत होतो. जंतू रक्तात पसरलेत, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं तू पाहिलंस. तेरा तारखेला तू आलीस आणि चौदाला ते गेले. तुझी शेवटची दोन्ही पत्रं पंधरा तारखेला एकाच टपालानं आली. तू आतल्या खोलीत झोपली होतीस. मी दोन्ही वाचली आणि ट्रंकेत ठेवली.

बेंड काढला नव्हता, आत्या.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पक्कड घेऊन गेले होते. बाबांनी माझा हात धरला. रागावले असते तर मी ऐकलं नसतं. ते म्हणाले, "एवढं एक तरी माझ्या हातचं राहू दे." त्यांचे डोळे मी तसे कधी पाहिले नव्हते, आईच्या वेळीसुद्धा नाही. मी पक्कड खाली ठेवली आणि तुला 'काढला' लिहिलं. आणखीही आहे. सात तारखेला तुला पत्र लिहिलं त्याच्या आधीपासून लघवी गढूळ दिसत होती. ते लिहिलं असतं तर तू बेंडाबद्दल पुन्हा विचारलं असतंस, म्हणून लिहिलं नाही.

बारा तारखेच्या सकाळी बाबांना हॉस्पिटलात नेण्याआधी मी आधी क्लॅम्प काढला. बाबा थरथरत होते आणि मी स्क्रू फिरवत होते, कुणाला दिसू नये म्हणून. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

आता एकच विचारते. मी तेव्हाच तो काढला असता तर बाबा जगले असते का? आत्या म्हणून सांगू नकोस. मेट्रन म्हणून सांग.

मुंगी


१० एप्रिल

मुंगे,

मेट्रन म्हणून विचारलंस, तर उत्तर असं. नक्की कुणालाच सांगता येणार नाही. नळी महिनाभर राहिली की बहुतेकांच्या लघवीत जंतू येतातच, बेंड असो वा नसो. बेंडानं त्यांना हात दिला, हे खरं. पण जंतू असणं वेगळं आणि ते रक्तात उतरणं वेगळं. बडबड सुरू झाली त्या दिवशी औषध सुरू झालं असतं, तर तो बहुधा वाचला असता. ते सहा-सात दिवस सगळ्यांत महाग पडले. ते तुझे नाहीत.

आता आत्या म्हणून, तू विचारलेलं नसताना. मला माहीत होतं.

अठ्ठावीस फेब्रुवारीला मला दादाचं पत्र आलं. स्टेशनरीवाल्यानं टपालात टाकलं असावं, पाकिटावर त्याच्या दुकानाचा शिक्का होता. अक्षर पार वाकडं. उतरवून देते, मूळ माझ्यापाशी राहू दे.

"मेट्रनबाई, बेंड जागेवर आहे. पोरगी पक्कड घेऊन आली होती, मीच नाही म्हटलं. मग डोळे पुसून तिनं तुला खोटं लिहिलं. टेबलावर होतं, मी वाचलं. तिला उघडं पाडू नकोस, ती माझ्याखेरीज कुणासाठी खोटं बोलणार नाही. चाळीस वर्षं मी लोकांच्या घरातला वास बंद केला. या खोलीत माणसं नाक दाबून बसतील तर मला नको ती माणसं आणि नको ते बसणं. वीस तारखेला नळी निघणारच आहे. तेवढे दिवस मला माणसात बसू दे. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलेलं नाही."

नव्हतंच मागितलं. माझ्या शिक्षणासाठी स्वतःची शाळा सोडली तेव्हाही नाही. मी चौतीस वर्षांत एकाही नातेवाइकाला अशी सूट दिली नाही. डॉक्टरांच्या आईलासुद्धा नाही. त्याला दिली. नळी उचलत जा, असं तुला लिहिलं आणि मनाशी म्हटलं, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

टाकीची गोष्ट मला भोळेपणानं सुचली असं समजू नकोस. तुझ्या पत्रातलं 'आई कुठे गेली तुझी' वाचलं तेव्हाच मी ओळखलं होतं. पण ते इन्फेक्शन मानलं असतं तर बेंड मी राहू दिला हेही मानावं लागलं असतं. म्हणून मी त्याला आठवणी म्हटलं. एक दिवस. त्या एका दिवसानंतर ती नर्स भेटली.

तेराला वॉर्डात शिरले तेव्हा त्यानं मला ओळखलं नाही. "बाई, तुम्ही कुठल्या वॉर्डच्या?" म्हणाला, मी ओठांवरून वाचलं. "माझी बहीण असती तर मला इथे यायची वेळच आली नसती." तू तेव्हा औषधं आणायला गेली होतीस.

हे कळल्यावर मला लिहायचं की नाही, ते तू ठरव.

आत्या


९ जून

आत्या,

तुझं पत्र आल्याला दोन महिने होत आले. इतके दिवस उत्तर दिलं नाही कारण देता येईल असं उत्तर नव्हतं. तू 'मला माहीत आहे' एवढे तीन शब्द लिहिले असतेस तर मी त्याच दिवशी तो क्लॅम्प उपटून फेकला असता. दुकानात जाता-येता मी तुझ्याशी रोज भांडते. दोन्ही बाजूंनी मीच बोलते, आणि तू रोज हरतेस.

मागच्या सोमवारी दुकानात एक आजोबा नंबर काढायला आले. उन्हाळ्यात कोट घातलेला, आणि डावा हात अंगाशी गच्च. मी लेन्स बदलता बदलता ओळखलं. पिशवी काखेत. मी काउंटर ओलांडून गेले आणि म्हटलं, "आजोबा, ती पिशवी खाली सोडा, कमरेच्या खाली. वर धरली की उलटं आत जातं." मी बहुतेक ओरडलेच, कारण सगळं दुकान वळून बघायला लागलं. त्यांनी पिशवी खाली सोडली. चष्मा न घेता उठले. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मी बरोबर होते. फर्मानात आहे तसंच केलं. पण त्यांचा चेहरा पाहिला, आत्या, आणि कळलं की बाबांचा असा चेहरा करायला मला त्या दिवशी जमलं नाही, आणि तुलाही जमलं नाही. त्यांचा मान ठेवला आपण. माणूस ठेवायचा होता.

माझा राग गेलेला नाही, आणि जाईल असं मी लिहीत नाही. पण हे मी दुसऱ्या कुणाला सांगू? काकूंना वाटतं बाबा छातीच्या दुखण्यानं गेले. त्रिकूटाला वाटतं देवानं सोडवलं. खरं काय ते आपल्या दोघींनाच माहीत आहे.

दहा-बारा दिवस राहायच्या तयारीनं ये. आल्या आल्या मी भांडणार आहे, ते ऐकून घे. चौदा मार्चपासून मी अजून रडलेले नाही. एकटीला जमत नाही.

मुंगी